तक्त्यावरचं शेवटचं नाव

"माह्या बाबाले वाघिणीनं मारलं, बाई," ती मुलगी म्हणाली. "पन त्याहिचं मरन आमच्या ऑफिसातून गेलं."

एवढं बोलून ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. पाणी तिनं प्यायलं नाही. एप्रिलातली चंद्रपूरची दुपार होती, डोक्यावर पत्रे होते आणि पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. अशा वेळी समोर आलेलं पाणी न पिणारं माणूस लटारू नन्नावरेनं तीस वर्षांच्या एसटीच्या नोकरीत फारसं पाहिलं नव्हतं.

लटारू कंडक्टर म्हणून निवृत्त झाला आणि दोन वर्षांपूर्वी सत्यशीलाबाई रायपुरेंच्या चौकशी कार्यालयात येऊन बसला. बाई पोलिसांतून हवालदार म्हणून बाहेर पडलेल्या. जटपुरा गेटजवळ शिलाई मशीनच्या दुकानावर एक खोली, बाहेर पाटी आणि आत ही दोघं. कामं बहुतेक लग्नाची, म्हणजे मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं ठरलं होतं का. चंद्रपुरातली अर्धी लग्नं आपल्यामुळे मोडली आणि उरलेली मोडायला हवी होती, असं लटारूचं मत होतं. मेलेल्या माणसाचं काम मात्र या खोलीत पहिल्यांदाच आलं होतं.

मुलीचं नाव संघप्रिया रामाजी उंदीरवाडे, वय सव्वीस, गाव सिंदेवाही तालुक्यातलं पवनटोला. मूल रोडवरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत ती प्रोग्रॅमर होती. कंपनीनं जंगलाकाठच्या गावांसाठी मोबाईलवरची एक सोय केली होती, तिचं नाव 'जागल'. वनरक्षकाला कुठं वाघ दिसला की तो फोनवर एक बटण दाबतो आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या फोनांवर भोंगा वाजतो. भोंगा वाजला की जंगलात जायचं नाही.

अकरा दिवसांपूर्वी, मंगळवारी पहाटे, पवनटोल्याजवळ वाघीण दिसली. वनरक्षकानं बटण दाबलं. चार गावांत भोंगा वाजला, पवनटोल्यात वाजला नाही. रामाजी टोपली घेऊन मोहफुलं वेचायला गेले होते.

संघप्रियानं पिशवीतून एक कागद काढून पुढे सरकवला. कंपनीच्या नोंदवहीचा तो छापील उतारा होता आणि त्यात दोन ओळींखाली पेन्सिलची रेघ होती.

शुक्रवार, सायं. ६.०५. पवनटोला भोंगा बंद केला. दिव्यानी आत्राम.

शुक्रवार, सायं. ६.४०. कार्ड ११८, 'पवनटोल्यात खोटा भोंगा वाजतो, दुरुस्त करा.' काम पूर्ण. दिव्यानी आत्राम.

"दुरुस्ती करताना गावाचा भोंगा बंद ठेवा लागते," संघप्रिया म्हणाली. "काम झालं का चालू कराचा. तो चालूच नाई केला. शनिवार, रविवार, सोमवार तसाच राह्यला."

सत्यशीलाबाईंनी कागद दोनदा वाचला. ही दिव्यानी कोण, म्हणून विचारलं. आमच्याच टीममध्ये आहे, भामरागडकडची, आम्ही दोघी एकाच खोलीत राहतो, असं तिनं सांगितलं. कंपनीनं दिव्यानीला घरी बसवलं होतं. परवा सोमवारी हाच कागद वनविभागाला आणि पोलीस ठाण्यात द्यायचा होता. मग निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हा त्या मुलीवर.

"मंग तुले आमच्याकडून काय पाहिजे?" बाईंनी विचारलं.

"खरं काय झालं ते सोमवारच्या आधी काढा. आनि ऑफिसात सगळ्यायच्या समोर सांगा. मंग माह्या आईले."

जाताना तिनं पाण्याचा ग्लास उचलून मोरीजवळ नेऊन ठेवला, भरलेलाच. लटारूला तिची फार दया आली.

कंपनी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर होती. खाली ग्रीसचा वास आणि वर काचेचं दार. प्रवीण चिलबुले, मालक आणि मॅनेजर दोन्ही तोच, चौतीस वर्षांचा. पुण्यातली आठ वर्षांची नोकरी सोडून, इथल्या पोरांना इथंच काम मिळावं म्हणून परत आलेला. माणूस वाईट वाटत नव्हता, आणि लटारूला तेच खटकलं. वाईट माणूस समोर आला की काम सोपं होतं.

भिंतीवर एक मोठा तक्ता होता. त्यावर तीन नावं, संघप्रिया, राजदीप, दिव्यानी. चौथ्या नावाची जागा पुसलेली होती. प्रवीणनं हौसेनं समजावून सांगितलं. प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड. कार्ड पूर्ण झालं की नावापुढे एक ठिपका. शुक्रवारी संध्याकाळी सातला ठिपके मोजायचे. सलग तीन आठवडे जो शेवटी राहील, त्यानं दुसरीकडे काम बघायचं. चौथा धम्मदीप डिसेंबरात तसाच गेला.

"आधी मलाही वाईट वाटलं," प्रवीण म्हणाला. "पण परिणाम बघा. डिसेंबरपासून एकही जण सलग तीनदा शेवटी आला नाही. दोनदा मागं पडला की तिसऱ्या आठवड्यात उसळी मारून वर येतो. भीती नाही ही, बाई, शिस्त आहे."

बाईंनी मागच्या आठवड्यांचे कागद मागितले. सतरा निघाले. बाई खुर्चीत बसून सतराही कागद उलटसुलट बघत राहिल्या आणि लटारूला नावं उतरवून घ्यायला लावली. त्यानं उतरवली. राजदीप दोनदा शेवटी, मग वर. संघप्रिया दोनदा शेवटी, मग वर. दिव्यानी दोनदा शेवटी, मग वर. त्या शुक्रवारीही दिव्यानीची तिसरी खेप होती आणि ती पहिली आली होती. लटारूला त्यात कंडक्टरच्या वेबिलातल्या, म्हणजे तिकिटांच्या हिशेबातल्या, आकड्यांपेक्षा जास्त काही दिसलं नाही.

तक्त्याशेजारी खिळ्याला दोऱ्यानं एक वही टांगली होती. त्यात सगळ्यांचे पासवर्ड होते. लटारूनं भुवया उंचावल्या, तेव्हा प्रवीण हसला. आमच्यात लपवाछपवी नाही, टीम म्हणजे घर, कोणी सुट्टीवर असलं की काम अडू नये, असं त्याचं म्हणणं.

त्या शुक्रवारी दिव्यानी कुठं होती, हे बाईंनी विचारलं. आई आजारी म्हणून ती दुपारी बाराला गावी निघाली, प्रवीण म्हणाला. पण लॅपटॉप सोबत होता, घरून काम करायची मुभा सगळ्यांना आहे. मग संध्याकाळी काय काय झालं, तेही त्यानं आठवून सांगितलं. पावणेसहाला राजदीपला केबिनमध्ये घेतलं, कामाबद्दल बरंच बोलायचं होतं. पावणेसातला दोघं बाहेर आले. त्या आठवड्याची सगळी कार्डं पहिल्यांदाच संपणार होती, म्हणून केक मागवला होता. तो गरमीनं वितळायला लागला होता, म्हणून त्यानं ओरडून सगळ्यांना बोलावलं. म्हणजे संघप्रियाला. केक तिनंच कापला.

राजदीप एका कोपऱ्यात मान खाली घालून टाइप करत होता. तो वडसाकडचा, काटकुळा, बोलताना दाराकडे बघणारा. "पावणेसहापासून सरायची बोलनी खाऊन राह्यलो होतो," एवढं त्यानं कबूल केलं. दिव्यानी कामात कशी होती, असं विचारल्यावर त्यानं संघप्रियाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"चांगली पोट्टी हाये," तो म्हणाला. "मले बाकी काही माहीत नाई, बाई. मले काऊन विचारून राह्यले?"

त्याच्या कपाळावर घाम होता, पण एप्रिलात चंद्रपुरात कोणाच्या कपाळावर नसतो.

दिव्यानी खोलीवर सापडली. तुकूम भागात एका घराच्या मागच्या अंगाला दहा बाय दहाची खोली, दोन खाटा. एका खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली. ती बॅग भरत होती. तिच्या गावातून शिकून कंपनीत लागलेली ती पहिलीच मुलगी, हे संघप्रियानं सांगितलं होतं. आता ती गावात परत जाणार होती आणि मागोमाग पोलीस.

"पवनटोल्याचा भोंगा तू बंद केला का?" बाईंनी सरळ विचारलं.

"नाव माहं हाये ना, बाई."

"ते वाचलं. तू केलं का?"

"कार्ड माहं होतं. आठवडाभर मले जमलं नाई. नाव बी माहंच हाये." तिनं बॅगेची चेन ओढली, ती मध्येच अडकली. "मंग झालं तं."

लटारूला काहीतरी बोलायला हवं असं वाटलं, म्हणून त्यानं आपल्या जिव्हाळ्याचा विषय काढला. शुक्रवारी कोणत्या गाडीनं गेली होतीस? साडेबाराच्या अहेरी गाडीनं, ती म्हणाली, आणि पुढं पाचच्या भामरागड गाडीनं. लटारूचे डोळे चमकले. त्या रस्त्यावर त्यानं चार वर्षं काढली होती.

"म्हंजे सहाला पेरमिली. त्याच्या पुढं आमच्या काळात फोनची काडी बी नव्हती."

दिव्यानी पहिल्यांदा थोडीशी हसली. "आता बी नाई, भाऊ. घरी पोचेपर्यंत साडेआठ झाले. रविवारी परत निघालो तवा कुठी फोन चालू झाला."

जिना उतरताना लटारू त्या रस्त्याच्या आठवणी सांगत राहिला. बाई हूं हूं करत होत्या, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं.

रविवारी सकाळी दोघं सिंदेवाहीच्या बसमध्ये बसले. कंडक्टर ओळखीचा निघाला, त्यानं लटारूला पुढची सीट दिली. धानाच्या बांध्या कोरड्या पडून तडकल्या होत्या. सिंदेवाहीहून ऑटोनं पवनटोल्याला पोचेपर्यंत अकरा वाजले.

अनसूयाबाई उंदीरवाडे ओसरीत बसून होत्या. जयभीम झाला, चटई आली, पाणी आलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली खिळ्याला एक जुना मोबाईल लटकत होता, चार्जरची वायर लावलेला.

"बुवाचा हाये," अनसूयाबाई नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "रोज चार्जिंग करतो मी. बंद नाई पडू देत."

त्या रडत नव्हत्या. त्यांना कोणीतरी बोलायला हवं होतं, बाईंनी त्यांना बोलू दिलं. त्या मंगळवारचं त्यांनी सांगितलं नाही, त्याच्या आधीचं सांगितलं. महिन्याभरापूर्वी गावात खोटाच भोंगा वाजला होता. वाघ नाही, काही नाही. रामाजी मोहाखालून धावत सुटले, ठेचाळले आणि गुडघा फोडून घरी आले.

"पोरीले लय वाईट वाटलं. ऑफिसात तिनंच तक्रार लिहून देली. मंग त्या शुक्रवारी, दिवा लावाच्या आधी, फोन आला तिचा बाबाले. गुडघ्याचं विचारून राह्यली होती. म्हने बाबा, आता खोटा भोंगा नाई वाजनार तुमच्याकडं, तुमी नका भेऊ. लय जीव तिचा बापावर."

लटारूनं डोळे पुसले. बाईंनी विषय बदलला. संघप्रिया लहानपणी कशी होती, म्हणून विचारलं.

हुशार होती, अनसूयाबाई म्हणाल्या, पण शेतावरही यायची. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शाळेला सुट्टी टाकून आईच्या बाजूला चिखलात उभी राहायची. "तिले मी एकच सांगतलं होतं. बाजूची बाई मागं पडली तं तिच्या पाथीतले, तिच्या रांगेतले दोन हात आपण लावून द्याचे. मालक बांधावरून पाहाते. जे मागं राह्यते तिले उद्या नाई बोलावत. आपण लावून देल्लं तं सगळ्याच एका रांगेत दिसतेत. मालकाले काय समजते कोनाचा हात कोनता."

सत्यशीलाबाईंच्या हातातला पाण्याचा लोटा अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि जायला उठल्या. अनसूयाबाईंचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. हवालदारीच्या काळात बाईंना असं करताना कोणी पाहिलं नसेल.

परतीच्या बसमध्ये लटारूनं आपला निकाल देऊन टाकला. प्रवीण. दुसरा कोण? मॅनेजरला पोरीला काढायचं होतं, वही त्याच्याच भिंतीवर, पासवर्ड त्याला माहीत. राजदीपला केबिनमध्ये कोंडलं ते साक्षीदार म्हणून. भोंगा त्यानं बंद केला, नाव तिचं टाकलं आणि माणूस मेल्यावर हात झटकले.

"त्याला तिला काढायचं होतं, तर तिला तक्त्यावर पहिली कशाला आणली?" बाई म्हणाल्या.

लटारू हातातल्या तिकिटाच्या घड्या घालू लागला.

"लटारूभाऊ, ती पोरगी आपल्याकडे आली, बापाचा जीव गेलेला. तिनं आपल्याला काय विचारलं नाही?"

त्यानं आठवून पाहिलं. तिनं तर सगळंच सांगितलं होतं. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मूल गावचा स्टँड आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, की हे काम घेतलं नसतं तर बरं झालं असतं. लटारूनं त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी दहाला सगळे ऑफिसात जमले. प्रवीणच्या हातात वनविभागाला द्यायचं पत्र होतं, सही करून तयार. दिव्यानीला बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं, ती दाराजवळ बॅग घेऊन उभी राहिली. राजदीप आपल्या जागेवर. संघप्रिया तक्त्याखाली, भिंतीला पाठ टेकून.

"हे पत्र फाडा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी सहा पाच ते सहा चाळीस दिव्यानी पेरमिलीच्या पुढे जंगलात बसमध्ये होती. तिथं फोनला रेंज नाही. लॅपटॉप मांडीवर असता तरी काही उपयोग नव्हता. कंडक्टरला विचारा, माझ्या शेजारीच बसलाय."

लटारू दचकला. ही गोष्ट त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलून काढली होती आणि त्याला ती दिसली नव्हती.

"मग ती 'मी नाही' असं का म्हणाली नाही?" प्रवीण म्हणाला.

"ती 'मी केलं' असंही एकदा म्हणाली नाही. 'नाव माझं आहे' एवढंच म्हणते. ते खरं आहे." बाईंनी पिशवीतून लटारूच्या अक्षरातला कागद काढला. "प्रवीणभाऊ, सतरा आठवडे तुम्ही हे ठिपके मोजले. दोनदा शेवटी आलेला माणूस तिसऱ्यांदा दर वेळी वर येतो, तिघंही, एकदासुद्धा चूक नाही. माणसं अशी सुधारत नाहीत. धम्मदीप गेल्यावर या तिघांनी ठरवलं, की आता कोणी जायचं नाही. ज्याची तिसरी खेप, त्याची कामं बाकीच्यांनी करायची आणि ठिपका त्याच्या नावावर टाकायचा. पासवर्ड तुम्हीच खिळ्याला टांगून दिले होते."

राजदीपनं चेहरा हातांनी झाकून घेतला. प्रवीण एकेकाकडे बघत होता. त्याला पहिल्यांदा राग आला की लाज वाटली, हे लटारूला सांगता आलं नसतं.

"म्हणून दिव्यानी गप्प. तिच्यासाठी कोणीतरी हात लावला होता. कोणी, ते तिलाही पक्कं माहीत नव्हतं. 'मी नाही' म्हटलं असतं तर त्या माणसावर आलं असतं. राजदीपही त्याच कारणानं गप्प." बाई थांबल्या. पुढचं बोलायला त्यांना जड जात होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "पावणेसहा ते पावणेसात तुम्ही आणि राजदीप केबिनमध्ये. दिव्यानी बसमध्ये. बाहेर एकच माणूस होतं."

कोणी वळून पाहिलं नाही. लटारूनं पाहिलं. संघप्रिया तशीच उभी होती.

"पवनटोल्याची तक्रार तिनंच लिहिली होती. बापाचा गुडघा फुटला होता. दिव्यानीला ते काम जमलं नाही आणि तिची तिसरी खेप होती. सहा पाचला हिनं दिव्यानीच्या नावानं भोंगा बंद केला. काम करता करता बापाला फोन केला, की आता खोटा भोंगा वाजणार नाही. आई ते कौतुकानं सांगत होती. सहा चाळीसला काम झालं. भोंगा परत चालू करायचा राहिला होता. तेवढ्यात तुम्ही केकसाठी हाक मारली."

खाली दुकानात कोणीतरी ट्रॅक्टर चालू केला.

"शनिवारी ती आली तेव्हा मला एका गोष्टीचं नवल वाटलं," बाई म्हणाल्या. "जिचा बाप मेला ती पहिल्यांदा विचारते, कोणी केलं. हिनं ते विचारलंच नाही. हिला फक्त ते कोणाच्या तरी तोंडून सगळ्यांसमोर बोललं जायला हवं होतं."

संघप्रिया भिंतीला घासत खाली बसली. "मले बोलताच येत नव्हतं, बाई," ती म्हणाली. "मंगळवारी आईचा फोन आला, म्हने भोंगा वाजलाच नाई, तवाच समजलं मले. तेरा दिवस रोज तोंड उघडलं. दिव्यानी बाजूच्या खाटेवर झोपून राह्यची. आवाजच नाई निघे."

बॅग तिथंच टाकून दिव्यानी तिच्याजवळ गेली आणि शेजारी फरशीवर बसली. माणसानं माणसाला सांभाळून घेतलं आणि त्यातून एक माणूस मेला. लटारूला कोणावर तरी चिडायचं होतं, आणि चिडायला कोणी पुरेसा दोषी सापडत नव्हता.

प्रवीणनं पत्र फाडलं. मग तो कॉम्प्युटरवर बसला आणि दुसरं लिहायला लागला. त्यात संघप्रियाचं नाव घालावंच लागेल, तो म्हणाला, नाहीतर कंपनी बंद पडेल आणि दोनशे गावांचा भोंगाही. खोट्या नोंदींबद्दल तिघांनाही कामावरून काढावं लागेल, वनविभाग तेच विचारेल. बोलताना त्याची बोटं कीबोर्डवर चालतच होती. बाईंनी त्याला तक्त्याचं काय करणार म्हणून विचारलं. नवीन मुलं येतील, त्यांना कसं ओळखणार, तो म्हणाला. कोण काम करतं ते कसं कळणार? हे त्यानं खरंच विचारलं होतं. तक्ता भिंतीवर राहिला, फक्त नावं पुसली गेली.

आईला बाईंनीच सांगावं, असं संघप्रियाचं म्हणणं होतं. बाईंनी नकार दिला.

"तू सांग. मी बाजूला बसते," त्या म्हणाल्या. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

दुपारी चौघं पवनटोल्याला पोचले. दिव्यानी सोबत आली होती. तिला भामरागडची गाडी उद्याही मिळणार होती. ओसरीत बसून संघप्रियानं आईला सगळं सांगितलं, खाली मान घालून, मध्ये न थांबता. शुक्रवार, भोंगा, फोन, केक. दिव्यानीचं नाव. अनसूयाबाईंनी मध्येच थांबवून काही विचारलं नाही. शेवटी त्यांनी फक्त दिव्यानीकडे बोट केलं.

"ही मागं पडली होती का?"

संघप्रियानं मान हलवली.

अनसूयाबाईंनी तोंड अंगणातल्या उन्हाकडे वळवलं. मग म्हणाल्या, "मीच शिकवलं होतं तुले."

लेकीला त्यांनी जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर बसून राहिल्या. लटारूला उठून बाहेर जावंसं वाटलं. तीस वर्षं त्यानं माणसांना त्यांच्या गावी पोचवलं होतं. इथून पुढं या माणसांना कुठं न्यायचं, ते त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. साधी रिंग नव्हती, कान फाडणारा भोंगा होता. रामाजींच्या फोनवर अक्षरं उमटली. पवनटोला परिसरात वाघीण दिसली आहे. जंगलात जाऊ नका.

संघप्रियानं दोन्ही हातांनी कान झाकले. आजूबाजूच्या घरांतूनही तोच आवाज येत होता, बायका पोरांना हाका मारून आत घेत होत्या. अनसूयाबाई सावकाश उठल्या, फोन हातात घेतला आणि भोंगा आपोआप थांबेपर्यंत तसाच धरून उभ्या राहिल्या.

"आता रोज बराबर वाजते," त्या म्हणाल्या, आणि फोन परत खिळ्याला टांगून त्यांनी वायर लावली.